एका डोक्यावाले आधी

मोताळ्याच्या ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर जनावराच्या कपाळाला हात लावल्याशिवाय ते मोजत नसे आणि वाक्याचा शेवट नेहमी दोनदा म्हणे. साठ साली नवं राज्य झाल्यापासून तो रोज पेपर वाचायचा. अडलेला शब्द घेऊन माझ्याकडे यायचा, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो.

"मास्तर, हे कॅपिटॅलिझम काय हाय, काय हाय?"

"भांडवलशाही," मी म्हणालो. त्याचं समाधान होईना, म्हणून शब्दकोश काढला. "मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डोकं. त्यातूनच इंग्रजीतला ढोरांसाठीचा शब्दही निघाला."

"म्हंजे ज्याच्यापाशी डोके जास्त, तो मोठा, तो मोठा." तो हसला नाही.

पुढच्याच महिन्यात ढोरांवर बुळकांडीची साथ आली. लस थोडीच होती. आमच्या शाळेचे अध्यक्ष असलेले पाटील चाळीस ढोरं घेऊन सर्वांत पुढे उभे होते. मागे एकेक बैल धरलेली माणसं होती आणि माझी गाय घेऊन मी. कंपाउंडर पाटलांना ओलांडून सरळ मागे आला.

"ज्याच्यापाशी एकच डोकं हाय, त्याले आधी, त्याले आधी."

"हे डोक्याचं तुले कोनं शिकवलं बे?" पाटलांनी विचारलं.

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी गाईच्या दाव्याची गाठ सारखी करू लागलो. कंपाउंडरचा हात तेव्हा माझ्याच गाईच्या कपाळावर होता, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोनीच नाही," तो म्हणाला. एकदाच म्हणाला.