दोन केळी, एक पगार

माझे पप्पा, भिकन महाजन, बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात राहतात आणि व्यापाऱ्यासाठी केळीच्या बागा बघतात. बागेत एक चक्कर मारायची, दहा-बारा घड खालून वर न्याहाळायचे आणि ट्रकभर मालाचा भाव सांगायचा, हे त्यांचं काम. शिक्षण दहावी. बारावीच्या निकालानंतर मी घरात जाहीर केलं की मला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स करायचंय.

"आर्ट्स म्हंजे चित्रं काढशील का?" आईने विचारलं.

"नाही गं. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा. सगळं थोडं थोडं."

"थोड्याथोड्याचे पंधरा लाख?"

तीन वर्षांची फी आणि होस्टेल धरून तेवढेच होत होते. बुऱ्हाणपूरच्या बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, एवढं कर्ज घेतलं तर शिक्षण संपल्यावर दहा वर्षं महिन्याला चोवीस हजारांचा हप्ता. मला वाटलं, संपलं. पण पप्पा म्हणाले, "माल पाह्यल्याबिगर भाव कसा सांगू? चल तृप्ती, पाहून येऊ."

विद्यापीठात शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, हे मी वेबसाइटवर वाचलं होतं. पप्पांनी तोच शनिवार धरला. सोबत केळीचं एक कॅरेट घेतलं, बरोबर शनिवारी पिकेल अशा बेताचं. रात्रभर गाडीत ते त्या कॅरेटला हात लावून झोपले.

सकाळी ॲडमिशनच्या मॅडमना भेटलो. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या मुलांचा सरासरी पगार वर्षाला सहा लाख आहे."

"सरासरी नको मॅडम," पप्पा म्हणाले. "एक घड पस्तीस किलोचा निघाला म्हणून ट्रकचा भाव वाढत नाही. सगळ्यांले ओळीने उभं करा. मधल्याचा पगार किती?"

मॅडमकडे तो आकडा नव्हता. "मग आम्हीच काढतो," असं म्हणून पप्पा बाहेर पडले आणि गेटजवळच्या झाडाखाली कॅरेट उघडून बसले. येईल त्याला सांगायचे, "दोन केळी घ्या, पहिला पगार किती होता ते सांगा. नाव नको." मी लाजेने लाल झाले होते. तरी मोबाइलवर आकडे लिहून घेत होते.

पहिली मुलगी हसत सुटली. म्हणाली, "बावीस हजार. काका, ही केळी कुठली?" दुसरा म्हणाला एकतीस. एक जण लंडनहून आलेला, त्याने पौंडात सांगितलं, पप्पा म्हणाले, "लिही, पण तो पस्तीस किलोवाला." एका ताईंनी चार केळी खाल्ली आणि सांगितलं की त्यांना पहिलं वर्षभर कामच नव्हतं. पप्पांनी मला तिथे शून्य टाकायला लावलं. तासाभरात तिथे रांग लागली. लोक एकमेकांचे आकडे ऐकायला कान टवकारत होते, "अरे, तुला एवढे?" म्हणून पाठीवर थापा मारत होते. गार्डभाऊंनीही केळी खाल्ली आणि न विचारता स्वतःचा पगार सांगितला. तो मी लिहिला नाही.

मग पप्पांनी स्वतःच आणखी एक प्रश्न काढला. "परत जन्म भेटला तर हीच डिग्री घेशील का?"

एक्केचाळीस जणांपैकी तेहेतीस जण हो म्हणाले. इन्शुरन्स विकणारा एक दादा तर पप्पांना जुन्या राजांच्या जमीनमोजणीबद्दल वीस मिनिटं सांगत बसला. पप्पा तोंड उघडं टाकून ऐकत होते.

आकडे ओळीने लावले. मधला, एकविसावा: सत्तावीस हजार.

"हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायले नको," पप्पा म्हणाले. "म्हंजे नऊ हजार. कर्ज साडेपाच लाख. माझ्याजवळ साडेतीन आहेत. सहा यांनी सोडावेत."

"पप्पा, ही मंडी नाहीये!"

"विचारायले काय जातं?"

आम्ही पुन्हा मॅडमसमोर. पप्पांनी मोबाइल पुढे सरकवला. मॅडमनी आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि विभागप्रमुखांना बोलावलं. सर आधी गंभीर होते. 'पस्तीस किलोवाला' काय ते समजल्यावर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, फी कमी करणं माझ्या हातात नाही, पण अर्ध्या फीची एक स्कॉलरशिप आहे, सोमवारी लेखी परीक्षा आहे, बसेल का मुलगी? होस्टेल सोडून नुसती फी बारा लाख होती, अर्धी म्हणजे बरोबर सहा. पप्पांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

मी बसले. भाव नेमका कोण ठरवतं, यावर सात पानं लिहिली.

नऊ दिवसांनी फोन आला तेव्हा पप्पा धूलकोटकडच्या एका बागेत होते. मी स्कूटी घेऊन निघाले. बागेच्या कडेला उभी राहून ओरडले, "मिळाली!" केळीच्या पानांतून आधी त्यांची टोपी वर उडाली, मग ते आले. बागवाल्याने घाबरून विचारलं, काय झालं? पप्पांनी त्याला मिठी मारली आणि त्या भरात क्विंटलमागे वीस रुपये जास्त बोलून बसले. व्यापारी आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. मला एका संस्थेत पहिली नोकरी लागली साडेपंचवीस हजारांची, मधल्यापेक्षाही कमी. पुण्यात खोली तिघींत घेतली, हप्ता भरला की महिनाअखेरीस पोहे एके पोहे. पण आमच्या संस्थेत मी जुनी कागदपत्रं वाचते, त्यावर लिहिते, आणि सोमवारी सकाळी मला कामावर जायची घाई असते. आता नोकरीचं तिसरं वर्ष आहे, पगार अडतीस हजार झालाय.

पप्पांचं मात्र नवीनच चालू झालं. गावात कुणाच्या मुलाची ॲडमिशन असली की बोलावणं येतं. मागच्या जूनमध्ये लोटूकाका आपल्या मुलासाठी त्यांना इंदूरला घेऊन गेले. दोन दिवसांनी पप्पांचा फोन आला, मागे बसस्टँडचा गोंगाट.

"पोरगा चांगला आहे, कॉलेजबी चांगलं आहे," ते ओरडून सांगत होते, "पण भाव लई जास्त मागून राहिले! आम्ही उठलो. आता सरकारी कॉलेज पाहतो. आन् ऐक, इथल्या एका मास्तरने मले ग्रीक लोकांचं काय काय सांगितलं, तुले माहीत आहे का ते?"

मला माहीत होतं. तरी म्हटलं, "नाही पप्पा, सांगा ना."