काविळीचं औषध देणारी आत्ती

माझ्या सासूला, मालुबाईला, जांबोटीच्या आसपास ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. आम्ही तिला आत्ती म्हणतो. रविवारी सकाळी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात काविळीची माणसं येऊन बसायची. आत्ती एकेकाची पापणी ओढून डोळा बघायची, ताकात उगाळलेली मुळी पाजायची आणि तेल, तिखट, दारू बंद म्हणून दम भरायची. पैसा घ्यायची नाही. माणसं बरी होऊन नारळ घेऊन यायची. एवढ्या नारळांनंतर कुणाच्या डोक्यात हवा जाणार नाही? आत्तीच्याही थोडी गेली होती, खोटं कशाला बोलू!

मला दिवस गेले आणि खानापूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर हेपटायटिस बी निघाला. ही काविळीचीच एक जात, असं कळल्यावर आत्तीनं तिथल्या बाकावरच माझी पापणी ओढली.

"डोळं पांढरंफटक हाईत. कसली आलीया कावीळ? चल घरला, सौम्या. बाळंतपणाला म्हायेरला जा."

माझं माहेर जांबोटीच्याही पलीकडं, रानात. बस आली तर आली.

नर्स रूपालीबाईंनी आम्हाला पुन्हा खाली बसवलं. "मावशी, हेपटायटिस एक नसतो. ए आणि ई घाण पाण्यातनं, अन्नातनं पोटात जातात. डोळे पिवळे होतात, पण बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. ई मात्र गरोदर बाईला जड जातो. बी आणि सी रक्तातनं जातात. बी तर आईकडून बाळालाही. वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि आतल्या आत लिव्हर पोखरतात. डी असतो, तो बी असलेल्यालाच गाठतो."

"आपोआप बरी हुत्यात?" आत्ती एवढंच म्हणाली.

मला तिची दया आली. जन्मभर कमावलेलं नाव कुणी असं दोन वाक्यांत काढून घेतलं असतं, तर मी भांडलेच असते. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "बाळाला जाऊ ने म्हणून काय करायचं?"

"जन्मलं की लगेच दोन इंजेक्शनं, उशीर चालणार नाही. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच. पुढचे डोसही चुकवायचे नाहीत."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. ती मोडली म्हणून माझी आई रुसली. तो रुसवा आत्तीनं अंगावर घेतला. नववा लागताच रविवारचं औषध बंद करून ती मला घेऊन खानापुरात आपल्या भावाकडं राहिली. तिनं आणि माझ्या नवऱ्यानं, विक्रमनं, रक्त तपासून लस घेतली. दोघांत काही निघालं नव्हतं. आरोही जन्मली, लगेच दोन्ही मांड्यांवर सुया टोचल्या. पोर किंचाळली आणि आत्तीच्या डोळ्यांना धार लागली.

बारशाला शेजारच्या जयाबाईनं माझं ताट वेगळं मांडलं. आत्ती येऊन माझ्याच ताटात जेवायला बसली. "ह्यो रगतातनं जातोय, ताटातनं न्हाय. वाढ गं भात!" जयाबाईनं त्याच ताटात भात वाढला.

पुन्हा रविवारी माणसं आली, तर आत्ती सांगायला लागली, "आदी रगात तपासून या." गर्दी आटली. मालुबाईच्या हाताचा गुण गेला, असं लोक बोलले. तिच्या कानावर ते येत होतं आणि लागतही होतं, मी बघत होते. पण तिनं आपलं म्हणणं सोडलं नाही.

परवा आरोहीचं रक्त तपासलं. आता वर्षाची झाली ती. काही निघालं नाही! विक्रमनं तिथंच पेढे काढले, जो तो पोरीला उचलून घेत होता. आत्ती तेवढी रूपालीबाईंच्या टेबलाशी उभी होती.

"आणि आमच्या सौम्याचं?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनं नाही, विक्रमनं नाही, मीसुद्धा नाही.

"तिच्या अंगात तो बहुतेक राहणारच, मावशी. पण दर सहा महिन्यांनी तपासायचं, गरज पडली तर गोळी सुरू करायची. नीट जगेल ती."

"मग मी हाय की. दर खेपंला मी आणीन तिला."

मी विक्रमच्या हातातला पेढा घेतला आणि आत्तीला भरवला.