दहा भोकांचा पुठ्ठा

कल्पना करा, तुमच्यापुढे दोनशे वाक्यांची उत्तरपत्रिका आहे. तिच्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायचा, कडा जुळवायच्या आणि भोकांतून दिसणाऱ्या पेन्सिलीच्या खुणा मोजायच्या. झाला माणसाचा स्वभाव मोजून! बसचालकांच्या निवड कार्यालयात एक कारकून बाई बावीस वर्षं हेच करत होती. सगळे तिला चाळणीताई म्हणत. प्रश्नपुस्तिका कुलपात असे. वाक्यं तिने कधी वाचलीच नव्हती.

शेवटचा पुठ्ठा खोटेपणाचा, दहा भोकांचा. सहाच्या वर खुणा दिसल्या, की उमेदवार घरी. यंदा साहेबांनी फर्मान काढलं : कर्मचाऱ्यांचीही चाचणी, नियम तोच.

"काय चाळणीताई, आज तुम्हीच चाळणीत?" शिपाईकाका हसले.

भोकं विसरायची, खरं तेच लिहायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. 'मी कधीच कोणाचा हेवा केला नाही.' बरोबर. 'मी कधीच शब्द मोडला नाही.' तेही बरोबर. दोन्हींवर तिने खूण केली.

दुपारी गठ्ठा तपासायला तिच्याच टेबलावर आला. तिने स्वतःच्या कागदावर पुठ्ठा ठेवला. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच.

धाकट्या जावेने घर घेतलं तेव्हा आठवडाभर आपण तिच्याशी धड बोललो नव्हतो, हे आत्ता आठवलं. वाक्य वाचताना का नाही आठवलं?

खोडरबर हाताशी होतं. तीन खुणा पुसल्या की नोकरी वाचत होती. म्हणजे जाणूनबुजून लबाडी केली की कागद तिला खरी म्हणणार! तिने रबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कागद घेऊन थेट मानसशास्त्राच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

"बाई, असं कसं झालं हो?"

"या दहा वाक्यांइतकं निर्दोष कोणीच नसतं, म्हणून तिथली खूण खोटी धरतात. ती का झाली म्हणाल, तर एक मत म्हणतं, स्वभाव जन्मतःच असतो. दुसरं म्हणतं, नकोसं वाटेल ते मन स्वतःपासूनच दडवतं. तिसरं म्हणतं, ज्याला शाबासकी मिळते तेच माणसाच्या अंगवळणी पडतं."

"मग माझं यातलं कुठलं?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "ते पुठ्ठ्याला नाही कळत, ताई."

दारात टोपी चुरगळत उभा राहिलेला एक उमेदवार तिला आठवला. 'आईशप्पथ, खरंच लिहिलंय,' म्हणत होता. तिने मान वर न करता त्याला सांगितलं होतं, 'कागद बोलतो, भाऊ.'

"बाई," तिने कसंबसं विचारलं, "मी घरी पाठवलेल्यांपैकी किती जणांनी माझ्यासारखं खरंच लिहिलं असेल?"