न वाचलेलं पोटकलम

नव्वदच्या दशकाच्या मध्यात माझ्या वकिलीला चार वर्षं झाली होती आणि कायदा आपल्याला कळतो, अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हा पेठ तालुक्याकडची, कोकणा या आदिवासी समाजातली एक बाई भावाला घेऊन नाशिकला माझ्याकडे आली. नवऱ्याने टाकलेली. गावच्या पंचांनी दोघांना समोरासमोर बसवून गवताची काडी मोडली होती आणि लग्न सुटल्याचं सांगितलं होतं. शेजारच्या पाड्यावरचा एकजण तिच्याशी लग्न करायला तयार होता. भाऊ शाळामास्तर, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून त्याला फक्त एक सरकारी कागद हवा होता.

मला चक्क हसू आलं.

"काडी मोडून कुठे घटस्फोट होतो का, बाई? कोर्टाचा हुकूम येईपर्यंत त्या माणसाच्या घरात पाऊल टाकू नका. गुन्हा होईल."

तिने मान डोलावली. मी मोठ्या ऐटीत हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज ठोकला.

तारखांवर तारखा पडल्या. दरवेळी ती पहिल्या एसटीने यायची आणि कोर्टाच्या बाकावर बसून राहायची. दोन वर्षांनी सुनावणी लागली. न्यायाधीशांनी तिचा जातीचा दाखला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, कलम दोनचं पोटकलम दोन वाचा जरा."

मी उभ्या उभ्या वाचलं. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचं लग्न जुळणं आणि सुटणं त्यांच्या रूढीवर. पाठ असल्याच्या तोऱ्यात मी ज्या कायद्यावर बोलायचो, त्याच्या सुरुवातीलाच हे छापलेलं होतं. पाच मिनिटांत अर्ज फेटाळला गेला.

बाहेर व्हरांड्यात मी दोघांना जमेल तसं समजावलं. पंचांनी केलं तेच तुमच्यासाठी कायदेशीर होतं, माझं चुकलं, असं सरळ सांगून टाकलं.

"मंग मी तवाच मोकळी होती?" तिने विचारलं.

"हो."

भाऊ चिडेल, चार शब्द सुनावेल, असं मला वाटत होतं. खरं तर मला ते हवंच होतं. तो माझ्या हातातले कागद घेऊन पिशवीत भरू लागला. तीच सावकाश बोलली.

"होळीच्या वख्ताला तो पाड्यावरचा मला न्याया आला होता. मी म्हनलं, वकीलसाहेब नाय म्हनलेत. मंग त्यानं दुसरी केली."