एका कॉम्प्युटरला एक परवाना

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘मला अटी मान्य आहेत’ या वाक्यावर टिचकी मारण्याआधी त्याच्या वरचा सगळा मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारी व्यक्ती या पृथ्वीवर एकच असेल, तर ती माझी थोरली नणंद. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडायचं नाही आणि वाचलेलं पाळल्याशिवाय राहायचं नाही, असा ताईंचा जन्माचा नेम. रिक्षाच्या मागे ‘तीन प्रवासी’ लिहिलेलं असेल आणि आम्ही चौघं असलो, तर ताई मुकाट्याने उतरून नाशकातल्या शालिमारहून घरी इंदिरानगरपर्यंत चालत येत. माझ्या लग्नात हॉलच्या नियमपत्रकात ‘चार वाजता हॉल रिकामा करावा’ असं होतं. पावणेचारला मी नाव घेऊन नवऱ्याला जिलबीचा घास भरवत होते आणि ताई माझ्याच पाठीमागची खुर्ची घडी घालायला मागत होत्या. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चोवीस वर्षं त्या स्टोअरमध्ये होत्या. कागदावर सही नसेल तर साधा वॉशरही त्यांच्या खिडकीतून बाहेर पडत नसे. ‘विमान वर गेल्यावर खाली येऊन सही आणता येत नाही,’ असं त्या साहेबांनाही ऐकवत.

दोन हजार सालाच्या थोडं आधी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं, राहायला आमच्याच घरात, खाली. मिळालेल्या पैशातून त्यांनी पुढच्या खोलीत बायकांसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं. तेव्हा नाशकात कॉम्प्युटर म्हणजे पोरांनी शिकायची गोष्ट होती. घरच्या बायकांनी फार तर त्यावर झाकण शिवावं. ताईंना ते पटत नव्हतं. सहा कॉम्प्युटर आले. जोडून देणाऱ्या गृहस्थाने खोक्यातली एकच सीडी काढली, सहाही यंत्रांवर तीच ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि तो सामान आवरू लागला. ताई मात्र कोपऱ्यात बसून खोक्यातला परवाना वाचत होत्या, हातात शब्दकोश.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “यात एका कॉम्प्युटरवर असं लिहिलंय. तुम्ही सहांवर टाकलीत.”

“मॅडम, अख्खं नाशिक असंच चालतं.”

“नाशिकचं नाशिक बघेल. ही खोली माझी आहे. पाचांवरची पुसून टाका.”

तो आधी हसला. मग दोन तास बसून त्याने स्वतःच घातलेलं स्वतःच पुसलं, आणि ताई कागद हातात धरून त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

आणखी पाच परवाने घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. त्यामुळे क्लास सुरू झाला तो असा: एक कॉम्प्युटर चालू, पाच विणलेल्या झाकणांखाली गप्प. एक बाई पडद्यासमोर, बाकीच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं आपटत आपल्या पाळीची वाट बघणार. ताई त्या पुठ्ठ्यांवरही बोटांची जागा चुकली की टोकत. चौकातल्या दुसऱ्या क्लासात बारा यंत्रं धडाधड चालत होती, आणि बायकांना ते दिसत होतं. माझ्या नवऱ्याने एकदा धीर करून विचारलं, “ताई, टाक ना सगळ्यांवर. कोण येतंय बघायला?”

“मी येते ना रोज दहा वाजता,” ताई म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

सायखेड्याहून एक सून येत असे. घरचा भाजीपाला, सकाळची खुडणी उरकून मिळेल त्या बसने यायची. हाताला मेथीचा वास. पुठ्ठ्यावर सगळ्यात चपळ बोटं तिचीच. दीड महिना झाल्यावर ती एक दिवस उभीच राहिली. “बाई, तुम्ही लय चांगलं शिकिवता,” ती म्हणाली, “पण मला पुठ्ठा नाय शिकायचा. घरी सांगून येते, चार तास जातात, अन् यंत्र हाताला लागतं इस मिनिटं. मी चौकातल्या क्लासला जाते.”

ताईंनी तिला अडवलं नाही. तिच्या उरलेल्या दिवसांची फी पाकिटात घालून परत हातात दिली. त्या दिवशी त्या जेवायला वर आल्या नाहीत. मी ताट घेऊन खाली गेले, तर पाचही झाकणं काढून त्या काळ्या पडद्यांसमोर बसल्या होत्या. मला वाटलं, आता हार मानतील. त्यांनी विचारलं, “तू कॉम्प्युटरचं मासिक घेतेस, त्यासोबत एक सीडी येते ना? फुकटवाली?”

ती लिनक्सची, म्हणजे दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी होती. ‘फुकट’ या शब्दावर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी तिचाही परवाना वाचायला घेतला. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्या जिना चढून आल्या, आणि मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. “अगं, यात लिहिलंय, कितीही कॉम्प्युटरवर टाका. शिवाय दुसऱ्यालाही द्या. मी तीनदा वाचलं.”

मात्र परवाना सोपा, सीडी अवघड. माउस हलेना, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, आणि नाशकात विचारावं असं कुणी ओळखीचं नव्हतं. ताई वही घेऊन बसल्या. काय केलं, काय बिघडलं, पुन्हा काय केलं. पहिलं यंत्र चालू व्हायला तीन आठवडे गेले, दुसरं चार दिवसांत, उरलेली तीन एका दुपारी. त्याच संध्याकाळी त्यांनी साडी बदलली आणि सायखेड्याची बस धरली. त्या सुनेच्या ओट्यावर उभं राहून म्हणाल्या, “सगळी चालू झाली. येतेस?” ती आली, आणि येताना दोन्ही जावांना घेऊन आली.

त्यानंतर ताईंनी ‘दुसऱ्यालाही द्या’ हे वाक्य अशा निष्ठेने पाळायला घेतलं की आम्हाला घर सोडावंसं वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून त्या सीडीच्या प्रती काढून लुटल्या. ज्यांच्या घरात मिक्सरही नवा होता अशा बायका ती चकती उलटसुलट करून, तिळगुळासोबत पिशवीत टाकून गेल्या. महिन्याभराने आम्ही सायखेड्याला गेलो, तर एका द्राक्षबागेत पाखरं उडवायला त्या सीडी ओळीने दोरीला टांगलेल्या, उन्हात लखलखत होत्या. मी श्वास रोखून ताईंकडे पाहिलं. त्यांनी जरा विचार केला. “कशासाठी वापरायची, यावर परवान्यात बंधन नाही,” त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

क्लास आठ-नऊ वर्षं चालला. चारेकशे बायका तरी शिकून गेल्या असाव्यात; ती सायखेड्याची सून पुढे गावातल्या पतसंस्थेत कामाला लागली. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, मुलंच आयांना शिकवू लागली. शेवटच्या वर्षी दोघीच होत्या, त्यातली एक गप्पा मारायला यायची. ताईंनी सहाही यंत्रं एका खेड्यातल्या शाळेला देऊन टाकली. टेम्पोत ती स्वतःच्या हाताने गोधड्यांमध्ये बसवली आणि चालकाला सावकाश जायला दोनदा बजावलं.

दुपारी मी खाली गेले, तर त्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. फरशीवर टेबलांच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते.

“दहा वाजले की दारात चपलांची ही गर्दी व्हायची,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “वर चला, चहा टाकते.”

“टाक,” त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मग मी चहा खालीच आणला, आणि आम्ही दोघी दाराकडे तोंड करून तो सावकाश प्यायलो.