लाल पेन्सिल आणि भोपाळचे बारा बेपत्ता पक्षी

"भोपाळमधून बारा पक्षी गायब झालेत," असं माझ्या सासऱ्यांनी शुक्रवारी जेवताना जाहीर केलं आणि ताकाची वाटी पुढे केली. पुरावा म्हणून एक निळं पुस्तक, एक लाल पेन्सिल आणि वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहिलेलं दोन पानी पत्र शेजारी ठेवलेलंच होतं. पत्र सोमवारी एम. पी. नगरातल्या कचेरीत स्वतः नेऊन द्यायचं होतं. त्याआधी शनिवार-रविवारी दोन जागा शेवटच्या तपासायच्या. नवरा टूरवर, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

आमचे बाबा मोठ्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी सुटे भाग मोजले आणि पास-नापासाचे शिक्के मारले. निवृत्तीनंतर ते पक्ष्यांकडे वळले, पण शिक्का काही सुटला नाही. त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ आहे: माल नापास करण्याआधी आपलं गेज तपासा. गेज म्हणजे माप घ्यायचं साधन. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा माझी पोळी वातड झाली, तर त्यांनी मला काही न म्हणता आधी स्वतःची कवळी तपासली होती. माणूस न्यायी आहे.

आता पुस्तकाबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकांना तेच हवं असेल. भोपाळच्या आसपासच्या पक्षीस्थळांची ही हिंदी मार्गदर्शिका वीसेक वर्षांपूर्वीची असावी. प्रत्येक जागेचा रस्ता, योग्य वेळ, काय दिसेल, आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एकच ओळ: "पहले पाँच मिनट चुपचाप सुनिए।" मागे पक्ष्यांची यादी; बाबांच्या बेपत्ता बारा जाती याच यादीतल्या. पक्ष्यांच्या बाबतीत पुस्तक अचूक आहे, रस्त्यांच्या बाबतीत देवावर भरवसा ठेवावा. "इमली के पेड़ से बाएँ" असं लिहिलंय, तिथे चिंच नाही, मॅरेज गार्डन आहे.

शनिवारी सहाला मिसरोदच्या घरून निघालो. फेब्रुवारी संपत आलेला, पहाटे स्वेटर लागतोच. कोलार रोडला एका ठेल्यावर पोहे-जिलबी खाल्ली, दोघांचं मिळून शंभरच्या आत. पोह्यांवर शेव मागून घ्या, लाजू नका. वाटेत बाबा खुशीत होते.

"काय हाकून राहिली गाडी, अनघा! पक्षी उठायच्या आधी पोचवतेस का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "सगळंच कमी झालंय गं. तुझी सासूसुद्धा पूर्वी काम करताना गुणगुणायची. आता कित्येक दिवसांत नाही. वय झालं."

मी "हं" म्हटलं. मी सातला घर सोडते ती संध्याकाळी परतते. आई दिवसभर काय गुणगुणतात, मला काय ठाऊक?

केरव्याच्या धरणापाशी गाडी लावली आणि पुस्तकात सांगितलेली पायवाट धरली. पळस नुकता पेटायला लागलेला. पुस्तकाच्या आज्ञेप्रमाणे दोघं पाच मिनिटं गप्प उभे राहिलो. भारद्वाजाचा घुमणारा आवाज आला. "भारद्वाज. पास," बाबा म्हणाले. दूर तांबटाची ठोकाठोकी चालली होती. "तांबट. पास." मग त्यांनी खिन्नपणे यादीवर बोट ठेवलं. "चष्मेवाला. पुस्तकात लिहिलंय, इथे थव्याने. बघ, आहे कुठे? एक आवाज नाही."

आणि नेमकं तेव्हाच आमच्या डोक्यावरच्या झाडात बारीक ची-ची-चीचा नुसता बाजार भरला होता! मी वर पाहिलं. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले दहा-बारा पिवळे जीव पानांत उलटेपालटे लोंबकळत होते. मला वाटलं, बाबा माझी परीक्षा घेतायत. पण त्यांचा चेहरा खरोखरच उतरलेला होता. वर पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पद्धतच तशी: आधी कान, आवाज आला तर मग दुर्बीण.

मग एकेक आठवायला लागलं. बाबांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं की डाळ करपते. नातीनं हाक मारली तर ओ देत नाहीत, गुरख्याशी मात्र फाटकापाशी तासभर गप्पा. जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. मी कोचिंग क्लासमध्ये दीडशे पोरांना रसायनशास्त्र शिकवते. माझा आवाज भिंतीलाही ऐकू येतो, म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मागच्या वर्षी नवऱ्यानं कानाचं मशीन आणलं होतं. "लागेल तेव्हा घालीन" म्हणत बाबांनी ते कपाटात ठेवून दिलं.

म्हणजे पक्षी जागेवरच होते. आणि सोमवारी हा न्यायी माणूस आपल्या सहीनं, साऱ्या शहरासमोर, दारादारात दिसणारे पक्षी नामशेष झाल्याचं छापून आणणार होता. लोक हसले असते. तेही चाललं असतं एक वेळ, पण बाबा पुन्हा घराबाहेर पडले नसते. हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

सांगायचं कसं? सासऱ्याला "तुम्ही बहिरे झालात" म्हणणारी सून अजून जन्मायची आहे. "बाबा, वर काहीतरी हललं का?" इतकंच मी पुटपुटले. तोवर थवा उडालेला. लाल पेन्सिल चष्मेवाल्यावरून फिरली आणि मी गप्प बसले. पुण्यात वाढलेली मी गप्प बसले, यावरून परिस्थिती ओळखा. घरी येऊन मशीन शोधलं, नवी बॅटरी घातली आणि पर्समध्ये टाकलं.

रविवारी बिशनखेडी. भदभदा ओलांडून सूरजनगरच्या रस्त्यानं जा. शेवटचा तुकडा कच्चा आहे, लहान गाडी जपून घाला. पाणी आणि खाणं सोबत न्या. मोठ्या तलावाचा हा मागचा काठ म्हणजे शेतं, चिखल आणि लव्हाळं. ब्राह्मणी बदकं अजून परतीला निघाली नव्हती, एक सारसांची जोडी गव्हाच्या कडेनं फेरफटका मारत होती. जाळं आवरणारा एक म्हातारा कोळी आमच्या पुस्तकात डोकावला.

"क्या ढूँढ रिये हो, मियाँ?"

"वटवट्या," बाबा म्हणाले, मग हिंदीत समजावलं, "छोटी-सी चिड़िया, घास में रहती है। अब नहीं रही।"

"नहीं रही?" कोळी हसला. "अरे खाँ, सामने तो बैठी है। सुबह से दिमाग खा रही है।"

त्याचा आवाज जाडाभरडा, बाबांना नीट पोचला. त्यांनी दुर्बीण लावली. लव्हाळ्याच्या शेंड्यावर, शेपूट उभारून, राखी वटवट्या बसला होता. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"चोच उघडतोय," ते हळू म्हणाले. "गळा थरथरतोय. अनघा, हा ओरडतोय का?"

"हो, बाबा."

"जोरात?"

"खूप जोरात."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. मी त्यांचाच नियम पुढे केला. "बाबा, माल नापास करायच्या आधी गेज तपासायचं राहिलं आपलं." आणि पर्समधली डबी त्यांच्या हातावर ठेवली.

एकदम रागावतील असं वाटलं. त्यांनी डबीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांना बोललो. काय मूर्ख आहे मी!" मग मशीन कानात घालायला मी मदत केली. आधी ते शिटी वाजवून कुरकुरलं. मग बाबांनी मान तिरकी केली. आणि लहान मुलासारखं तोंड उघडं ठेवून ते नुसते ऐकत उभे राहिले. कोळी जाळं तसंच टाकून आमच्याकडे बघत राहिला.

पुढचे तीन तास त्यांनी मला चालवून चालवून दमवलं. तिरचिमणी, मुनिया, फुलटोच्या. परतताना वाकडी वाट करून पुन्हा केरव्याला, चष्मेवाल्यासाठी. खोडरबर मी पुढे केलं तर म्हणाले, "खाडाखोड करायची नसते. फेरतपासणी लिहायची." जो सापडेल त्याच्या लाल रेघेशेजारी "पास", तारीख आणि सही. संध्याकाळपर्यंत बारापैकी आठ सापडले. चार खरंच कुठे दिसले नाहीत, ऐकूही आले नाहीत. तेवढ्यांसाठी पत्र लिहायचंच, पण पुढच्या दोन रविवारी आणखी तपासून, असं ठरलं.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, उजाडताच जा, पुस्तक जवळ ठेवा आणि त्यातली ती पहिली ओळ मनावर घ्या. एरवी या सहलीतून पक्ष्यांची यादी आणि चिखलाचे बूट एवढंच माझ्याकडे उरलं असतं.

पण घरी पोचलो तेव्हा आई अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. बाबा फाटकातच थबकले. आई आपल्याच नादात गात होत्या, बारीक, थोडं किनऱ्या आवाजात.

"पुन्हा कधी सुरू केलंस?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"गाणं."

"इश्श! सोडलं कधी होतं? रोज तर गाते." आईंनी मान वर केली, बाबांच्या कानातलं मशीन पाहिलं, आणि हातातली शेंग तशीच राहिली. बाबा त्यांच्या शेजारी बसले आणि मटार सोलायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. आईंचेही भरले असावेत, पण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं ते एवढंच:

"म्हणजे आता मला यांच्यासमोर जपून बोलावं लागणार का गं?"