राईतली माती

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजातला कृष्णात म्हणजे प्रयोगशाळेतला शिपाई. अंगानं आडदांड, पण पाटणकडच्या त्याच्या गावची देवराई म्हटली की त्याची गाळण उडते. मी त्याला त्यावरून चिडवायचो. आता चिडवत नाही.

त्या राईतून वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. कृष्णातच्या चुलत्यांनी एकदा तिथून सरपणाची मोळी आणली आणि आठवड्यात त्यांचा मुलगा गेला. हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. आणि आमच्या भार्गवी मॅडमनी नेमकं त्यालाच तिथली माती आणायला धाडलं. राईतून रस्ता काढायचा घाट होता. त्या मातीत किती तऱ्हांचे जीवाणू आणि बुरशी आहेत, याचा अहवाल मॅडम देणार होत्या. माती वेगळी निघाली, तर रस्ता अडवता आला असता.

त्यानं बारा पिशव्या आणल्या. आम्ही ती माती पाण्यात कालवून प्लेटांत पसरली आणि चार दिवस उबेत ठेवली. उगवलं ते अगदीच किरकोळ, कुठल्याही शेतात मिळेल असं. राईत वेगळं काही नाही, असं मॅडम लिहायला बसल्या, तेव्हा फरशी पुसणारा कृष्णात फडकं टाकून पुढे आला.

"मॅडम, ती माती राईतली न्हाई. आमच्या बांधावरची हाय. मला लय भ्या वाटलं."

मॅडम रागावल्या नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी पाठवते म्हणाल्या. तो नको म्हणाला. देवीचा कोप दुसऱ्याच्या घरावर कशाला आणायचा? मग सोबतीला मी गेलो.

राईच्या कडेला त्यानं चपला काढल्या. त्यांच्यात काहीही करण्याआधी देवीच्या दगडाला फूल लावून कौल घेतात. उजवं पडलं तर होकार. कृष्णातनं फूल लावलंच नाही. डावं पडलं असतं, तर माती उचलायची त्याची छाती झाली नसती.

"आई, तुझीच राई वाचवायला नेतोय," तो म्हणाला. "काय करायचं ते मला कर. मयूरीला नगं."

मयूरी त्याची सहा वर्षांची मुलगी. माती त्यानं भरली, पिशव्यांची तोंडं मी बांधली. मलाही घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी प्लेटा भरून गेल्या होत्या. गुलाबी, पिवळं, शेवाळी, काळं, काय काय उगवलेलं. मॅडमची मोजणी संपेना. मी कृष्णातला हाक मारली, तर तो दाराबाहेर फोन कानाला लावून उभा. हल्ली दिवसातून तीनदा घरी फोन करतो.

"तिला ताप न्हाई न्हवं?"

नाही म्हणतात. तो पुन्हा विचारतो.